तेनोच्तित्लान कुणी पाडलं? अमेरिकेतल्या स्पॅनिश विजयाची गोष्ट मुलांना सांगताना

आठवी-नववीच्या वर्गात हा विषय काढायचा असला की मी आधी फळ्यावर एकादशीचा फराळ लिहिते. साबुदाण्याची खिचडी, तिच्यातला बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, शेजारी उकडलेलं रताळं आणि राजगिऱ्याचा लाडू. मग विचारते, ज्ञानेश्वर माउलींच्या काळात यातलं काय काय खाल्लं जात असेल? मुलं भराभर हात वर करतात. कुणी रताळं म्हणतं, कुणी राजगिरा. खरं उत्तर असं की यातलं काहीच नाही. आपला साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची, रताळं आणि राजगिऱ्याचं बीसुद्धा त्याच खंडांतलं. एकेक नाव पुसत गेलं की शेवटी खिचडीत तूप, जिरं आणि मीठ एवढंच उरतं.

मुलांना गंमत वाटते. पण इथेच एक चूक होऊ शकते. ‘कोलंबसामुळे आपल्याला बटाटा मिळाला’ असं एक वाक्य वहीत उतरतं आणि ज्यांनी तो हजारो वर्षं पिकवला ते शेतकरी गोष्टीतून बाहेर पडतात. मक्याचा पूर्वज म्हणजे एक रानगवत. त्याला बोटभर लांबीचं कणीस आणि त्यात मोजके टणक दाणे. मेक्सिकोतल्या बायाबापड्यांनी पिढ्यान्पिढ्या चांगलं बी राखून ठेवत त्याचं आजचं भरलेलं कणीस केलं. अँडीजमधल्या लोकांनी बटाट्याचं वाळवण शोधलं. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे उघड्यावर पसरायचे, ते गोठले की पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात सुकवायचे. असे सुकवलेले बटाटे वर्षानुवर्षं टिकतात. आपल्याकडे गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालणाऱ्या घरातल्या मुलाला हे लगेच कळतं आणि समुद्रापलीकडची ती माणसं त्याला ‘जंगली’ वाटेनाशी होतात.

‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. तो शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून फिरत फिरत गोव्यामार्गे आपल्या स्वयंपाकघरात आला. कोलंबस 12 ऑक्टोबर 1492 रोजी ज्या बेटावर उतरला ते याच लोकांचं होतं. आपण आशियाच्या किनाऱ्याला लागलो अशी त्याची समजूत झाली आणि त्याने तिथल्या माणसांना ‘इंडियन’ ठरवलं. ते नाव पाचशे वर्षं त्यांच्या अंगाला चिकटून आहे. मराठीत तर आपण त्यापुढे ‘रेड’ही जोडलं. हा शब्द आता वर्गातून काढून टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यांना मिळून बोलायचं असेल तेव्हा ‘मूलनिवासी’ म्हणावं, पण शक्य असेल तिथे त्या-त्या लोकांचं नाव घ्यावं: ताइनो, माया, पुरेपेचा, सापोतेक, केचुआ, आयमारा. चिलीतल्या मापुचे लोकांच्या नावाचा अर्थच ‘मातीची माणसं’ असा होतो. आपण ज्यांना अ‍ॅझ्टेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवत. मेक्सिको हे देशाचं नाव त्यावरूनच पडलं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक मुलांच्या डोक्यात ती अशी बसलेली असते की एर्नान कोर्तेस नावाचा स्पॅनिश सरदार पाचशे शिपाई आणि सोळा घोडे घेऊन 1519 साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, लोकांनी घोडे आणि बंदुका कधी पाहिल्या नव्हत्या, ते घाबरले, त्याला देव समजले आणि दोन वर्षांत साम्राज्य कोसळलं. यातला शिपायांचा आणि घोड्यांचा आकडा साधारण बरोबर आहे. बाकीचं मुलांसोबत बसून उसवावं लागतं.

सुरुवात शहरापासून करते. टेक्स्कोको तळ्यातल्या बेटावर 1325 साली वसलेलं तेनोच्तित्लान हे मेशिकांच्या राजधानीचं शहर कोर्तेस आला तेव्हा जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. तिथली वस्ती दोन लाखांच्या घरात असावी असा एक अंदाज आहे. काठावरून शहरात जायला पाण्यातून बांधलेले रुंद रस्ते होते, मध्ये होडी जाण्यासाठी उचलता येणारे पूल होते. चापुल्तेपेकच्या झऱ्याचं गोडं पाणी दगडी कालव्याने शहरात येई. तळ्यातला गाळ उपसून, काठांना विलोची झाडं लावून, पाण्यात शेताचे लांबट तुकडे उभे केले होते. त्यांना चिनाम्पा म्हणतात. त्यातून वर्षाला अनेक पिकं निघत. शेजारच्या त्लातेलोल्कोच्या बाजारात रोज साठ हजारांवर माणूस जमतो, असं कोर्तेसने स्वतः आपल्या राजाला कळवलं. तिथे काकाओच्या बिया, म्हणजे ज्यांपासून चॉकलेट होतं त्या, सुट्ट्या नाण्यांसारख्या चालत. पूल, बाजार, कालवे आणि शेतं यांचा नकाशा मी मुलांना काढायला लावते. ज्याने हाताने हे शहर काढलंय त्याला पुढे ते पडतं तेव्हा काहीतरी वाटतं.

मेशिकांनी हे वैभव कसं उभं केलं? त्यातलं बरंच खंडणीवर. आजूबाजूची कितीतरी नगरं त्यांना मका, राजगिरा, कापूस, काकाओ, पिसं असं सगळं ठरल्या हप्त्याने पोचवत. त्याबद्दल राग होताच. आणि एक प्रदेश तर त्यांच्या ताब्यात कधीच आला नव्हता, तो म्हणजे त्लाश्काला. भाषा तीच, नाहुआत्ल. देवही बरेचसे सारखे. पण राज्य वेगळं आणि वैर जुनं. मेशिकांनी त्लाश्कालाला चहूबाजूंनी असं कोंडलं होतं की त्यांना कापूस मिळेना आणि मीठ मिळेना. इथे मी थांबते आणि मुलांना घरी एक दिवस आळणी जेवून बघायला सांगते. दुसऱ्या दिवशी वैर म्हणजे काय हे समजावण्यात वेळ जात नाही.

कोर्तेस त्लाश्कालाच्या हद्दीत शिरला तेव्हा तिथल्या लोकांनी आधी त्याच्याशी लढाई केली आणि त्याला चांगलंच जेरीस आणलं. मग त्यांच्या सरदारांत खल झाला. तरुण सेनापती शिकोतेन्कात्लला हे परके नकोच होते. इतरांना त्यांच्यात मेशिकांविरुद्ध वापरता येईल असं हत्यार दिसलं. सप्टेंबर 1519 मध्ये तह झाला. तो त्लाश्कालाने केलेला राजकीय हिशेब होता.

या ठिकाणी दरवर्षी वर्गातून एक शब्द येतोच: ‘फितुरी’. शिवकाळाच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या मराठी मुलाच्या तोंडी तो येणारच. मी त्याला गप्प बसवत नाही, उलट विचारते, फितूर कोण होतो? जो आपल्यांतला असून शत्रूला मिळतो तो. मग मेशिका हे त्लाश्कालाचे ‘आपले’ होते का? ‘आम्ही सगळे मूलनिवासी आणि ते सगळे युरोपीय’ ही विभागणी 1519 साली त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हती. ती आपण मागाहून पाहतो, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. हे एवढं एक कळलं तरी मुलं इतिहासाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. यासाठी मी एक पूर्ण तास देते.

दुसरा तास मालिन्त्सिनसाठी. ही नाहुआत्ल बोलणाऱ्या घरातली मुलगी. दासी म्हणून माया भाषकांच्या मुलखात पोचली आणि तिथून वीस बायकांमधली एक म्हणून कोर्तेसला ‘भेट’ दिली गेली. कोर्तेसजवळ आगिलार नावाचा एक स्पॅनिश माणूस होता. जहाज फुटल्यामुळे तो आठ वर्षं माया लोकांत अडकून पडला होता. कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोलायचा, आगिलार ते मायामध्ये सांगायचा, मालिन्त्सिन नाहुआत्लमध्ये. थोड्याच काळात ती स्पॅनिशही शिकली. तिच्या नावातला शेवटचा ‘त्सिन’ हा आदराचा आहे, आपण ‘बाई’ किंवा ‘जी’ लावतो तसा. दासी म्हणून आलेल्या मुलीला लोकांनी तो लावला, यातच तिचं वजन दिसतं. आज मेक्सिकोत तिच्या नावावरून परक्यांच्या मागे धावणाऱ्याला शिवीवजा शब्द आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. जिला वस्तूसारखं एका हातातून दुसऱ्या हातात दिलं गेलं तिने निष्ठा कुणाशी ठेवायची होती?

भाषांतराची ही साखळी वर्गात करून बघण्यासारखी आहे. मागे मी एका मुलाला चिठ्ठी दिली: ‘आमचा राजा तुमचा मित्र आहे, पण तुम्ही त्याचं ऐकलं पाहिजे.’ त्याने ते दुसऱ्याच्या कानात हिंदीत सांगितलं. त्या दुसऱ्याने ते घरी कानडी बोलणाऱ्या मुलीला सांगितलं, तिने ते कानडीत आपल्या मैत्रिणीला, आणि त्या मैत्रिणीने फळ्यावर मराठीत लिहिलं: ‘तुमचा राजा आमचा मित्र आहे. तो ऐकतो.’ वर्ग हसून लोटपोट झाला. मग मी त्यांना 1513 साली स्पेनच्या दरबारात लिहून घेतलेला एक फर्मानवजा मजकूर सांगितला. नव्या मुलखात पाऊल टाकलं की तो वाचून दाखवायचा असा हुकूम होता. देवाने पोपला आणि पोपने आमच्या राजाला ही भूमी दिली, ते मान्य करा. नाही केलंत तर आम्ही युद्ध करू, तुमच्या बायकामुलांना गुलाम करू, आणि त्याचा दोष तुमचाच असेल. हे बहुतेक वेळा स्पॅनिशमध्येच वाचलं जाई. कधी लोक ऐकायच्या टप्प्यात नसतानाही वाचून टाकत. हसणारी मुलं एकदम शांत झाली. कागदोपत्री सगळं रीतसर होतं, हे मला त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आता देव समजण्याचं. कोर्तेसने राजाला पाठवलेली पत्रं उपलब्ध आहेत. मेशिकांचा राजा मोक्तेसुमा याने पूर्वी निघून गेलेल्या कुण्या स्वामीबद्दल भाषण केलं असं त्याने लिहिलंय, पण मला क्वेत्सालकोआत्ल देव समजले असं त्यात कुठेही नाही. ती जोडणी काही दशकांनंतरच्या लेखनात दिसते. 1519 साली मोक्तेसुमाचे चित्रकार किनाऱ्यावर जाऊन जहाजं, घोडे, माणसं रंगवून राजधानीत नेत होते. शत्रूची माहिती काढणारा राजा भाबडा कसा म्हणायचा?

8 नोव्हेंबर 1519 रोजी कोर्तेस शहरात आला. काही दिवसांत मोक्तेसुमा स्वतःच्याच शहरात कैदी झाला. 1520 च्या मे महिन्यात तोश्कात्लच्या सणात मंदिराच्या आवारात नाचणाऱ्या निःशस्त्र लोकांची कोर्तेसचा सरदार पेद्रो दे आल्वारादो याच्या माणसांनी कत्तल केली. शहर पेटलं. 30 जूनच्या रात्री स्पॅनिश लोक पाण्यातल्या रस्त्याने पळून जाताना शेकड्यांनी मारले गेले, त्यांच्या बाजूचे त्लाश्कालाचे सैनिक त्याहून जास्त. उरलेले कुठे गेले? त्लाश्कालाला. तिथे दार बंद झालं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

आणि मग देवी आल्या. 1520 मध्ये क्युबाहून आलेल्या दुसऱ्या स्पॅनिश तुकडीबरोबर ही साथ किनाऱ्यावर उतरली. आजी-आजोबांच्या दंडावरचा लशीचा गोल वण मुलांनी पाहिलेला असतो, म्हणून रोग समजावावा लागत नाही. समजावावं लागतं ते असं की युरोपात हा रोग शतकानुशतकं होता, बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जाई आणि जगलेल्याला पुन्हा होत नसे. मेक्सिकोत तो कुणालाच कधी झाला नव्हता. त्यामुळे घरातली सगळी माणसं एकदमच आडवी झाली. पाणी आणायला, मका दळायला, भाकरी थापायला कुणी उरलं नाही, आणि रोगातून वाचू शकले असते तेही उपासमारीने गेले. मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला कुइत्लाहुआक ऐंशी दिवसांत याच रोगाने मेला.

हे आपल्याला मेशिकांच्या वंशजांच्याच शब्दांत वाचता येतं. बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने नाहुआ विद्वानांना आणि चित्रकारांना सोबत घेऊन बारा खंडांचा एक ग्रंथ तयार केला. तो 1577 च्या सुमारास पुरा झाला. आज तो इटलीत फ्लॉरेन्सला आहे, म्हणून त्याला फ्लॉरेन्सची पोथी म्हणूया. प्रत्येक पानावर दोन रकाने, उजवीकडे नाहुआत्ल, डावीकडे स्पॅनिश, मधे मधे चित्रं. बाराव्या खंडात या युद्धाची हकीकत आहे. त्यात देवीच्या साथीचं चित्र आहे. चटयांवर माणसं पडलेली, अंगभर फोड, एक कुशीवर वळायला बघतोय. एका आजाऱ्यापाशी एक बाई बसली आहे. तिच्या तोंडातून वळणदार रेघ निघाली आहे, म्हणजे ती काहीतरी बोलते आहे. नाहुआ चित्रांत बोलणं असंच दाखवत. हे पान वर्गात मोठं करून लावा आणि पाच मिनिटं काही बोलू नका. ती बाई काय म्हणत असेल हे मुलांना लिहू द्या. एका मुलीने लिहिलं होतं, ‘पाणी देते, पण माझं पण अंग दुखतंय.’

शेवटचा वेढा मे 1521 मध्ये पडला. कोर्तेसने तेरा नौका बांधून घेतल्या. त्यांचं लाकूड त्लाश्कालाच्या हजारो हमालांनी डोंगर ओलांडून खांद्यावरून आणलं. झऱ्याचा कालवा तोडला, धान्याच्या वाटा बंद केल्या. वेढ्यात स्पॅनिश शिपाई हजाराच्या आत होते आणि त्यांच्या बाजूने लढणारे मूलनिवासी सैनिक त्यांच्या कित्येक पट. त्लाश्काला होतंच, तेव्हा तळ्याकाठचं टेक्स्कोको नगरही फिरलं होतं. शिकोतेन्कात्लला कोर्तेसने याच काळात फाशी दिलं. जवळपास अडीच महिने नवा मेशिका राजा कुआउतेमोक आणि त्याच्या लोकांनी गल्लीगल्लीत झुंज दिली, शेवटी पाली आणि गवत खाऊन. 13 ऑगस्ट 1521 रोजी शहर पडलं. त्यामुळे परीक्षेत मी ‘मेक्सिको कुणी जिंकला?’ असं विचारत नाही. ‘तेनोच्तित्लान कोणाकोणामुळे आणि कशाकशामुळे पडलं?’ असं विचारते, आणि एका नावाच्या उत्तराला पूर्ण गुण देत नाही.

पेरूची गोष्ट वेगाने सांगितली तरी चालते, कारण सांगाडा तोच आहे. इन्का राजघराण्यातल्या दोन भावांत यादवी नुकतीच संपलेली, त्यात पिसारो नावाचा स्पॅनिश सरदार 168 माणसं घेऊन काहामार्कात पोचतो, 16 नोव्हेंबर 1532 ला त्यांतल्या विजयी भावाला, आताउआल्पाला धरतो, खोलीभर सोनं घेतो आणि पुढच्या वर्षी त्याला मारूनही टाकतो. इथेही कान्यारी आणि हुआन्का लोक इन्कांवरच्या रागाने स्पॅनिशांच्या बाजूला होते.

‘पण मॅडम, ते नरबळी द्यायचे ना?’ हा प्रश्न येतो आणि तो टाळू नये. हो, मेशिका नरबळी देत. तेनोच्तित्लानच्या जागी वसलेल्या मेक्सिको सिटीत मुख्य मंदिराजवळ 2015 साली कवट्यांचा चौथरा उत्खननात सापडला आहे. स्पॅनिश लेखकांनी दिलेले आकडे फुगवलेले आहेत, पण प्रथा खोटी नव्हती. त्याच काळात स्पेनमध्ये धर्मद्रोही ठरवलेल्यांना भर चौकात जाळत होते, आणि 1560 पासून आपल्या गोव्यातही तसलंच न्यायासन बसलं. एका क्रौर्याने दुसरं धुऊन निघत नाही. खाणीत आणि शेतांवर माणसं मरेपर्यंत राबवली गेली ती काही नरबळी थांबवण्यासाठी नव्हे.

राबवण्याच्या पद्धतीला एन्कोमिएन्दा म्हणत. विजेत्याला गावंच्या गावं नेमून द्यायची, तिथल्या लोकांनी त्याला कर आणि श्रम द्यायचे, बदल्यात त्याने त्यांना ख्रिस्ती करायचं. याविरुद्ध पहिला मोठा आवाज स्पॅनिशच होता. 1511 साली सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या पाद्र्याने मालकांना तोंडावर विचारलं की ही माणसं नाहीत का? बार्तोलोमे दे लास कासास पुढे आयुष्यभर त्यासाठी भांडला. त्याने सुरुवातीला मूलनिवासींऐवजी आफ्रिकी गुलाम आणा असं सुचवलं होतं आणि नंतर त्याचा त्याला पश्चात्ताप झाला, हेही मुलांना सांगा. त्यांना निष्कलंक नायकांपेक्षा अशी माणसं जास्त लक्षात राहतात. पण दाद मागणारे फक्त पाद्री नव्हते. त्लाश्कालाची नगरसभा आपल्या बैठकांची नोंद नाहुआत्लमध्ये लिहून ठेवत होती आणि आपल्या हक्कांसाठी थेट स्पेनच्या राजाकडे माणसं पाठवत होती. गावोगावी नाहुआत्लमध्ये मृत्युपत्रं, जमिनीचे कागद, तक्रारअर्ज लिहिले गेले. आपल्या मोडीतल्या दप्तरांसारखे ते गठ्ठे आज अभ्यासक वाचत आहेत.

धड्याच्या शेवटी ‘आणि अशा रीतीने ही संस्कृती नष्ट झाली’ असं वाक्य आलं की मला राहवत नाही. शहर पडलं, देवीनंतर 1545 आणि 1576 च्या साथींनी गावं ओस पडली, शंभर वर्षांत लोकसंख्या अनेक भागांत नव्वद टक्क्यांपर्यंत घटली. ही जीवितहानी सौम्य करून सांगता येणार नाही. पण माणसं संपली नाहीत. इन्कांचं शेवटचं राज्य विल्काबाम्बाच्या डोंगरात 1572 पर्यंत टिकलं. इत्सा मायांची राजधानी 1697 साली पडली, कोर्तेसनंतर पावणेदोनशे वर्षांनी. मापुचेंनी तर स्पेनला 1641 मध्ये तह करायला लावून बिओबिओ नदी ही सरहद्द मान्य करायला लावली. आज केचुआ बोलणारे लाखोंनी आहेत. ग्वारानी ही पाराग्वेची राजभाषा आहे. 9 ऑगस्टला नंदुरबार, पालघरकडे जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात तेव्हा तोच दिवस ही माणसंही पाळत असतात.

मेक्सिकोत नाहुआत्ल बोलणारे 16 लाखांहून अधिक आहेत. मेक्सिको सिटीच्या दक्षिण टोकाला मिल्पा आल्ताच्या गावांत ती अजून ऐकू येते. जवळच शोचिमिल्कोत तळ्याचा जो थोडा भाग उरला आहे तिथे चिनाम्पा आहेत, आणि सकाळी शेतकरी सपाट होडीतून काठाचा गाळ उपसून वाफ्यांवर घालतात. राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवायला स्पॅनिश पाद्र्यांनी बंदी केली होती. त्याच राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळात घोळून केलेल्या वड्या शहरात हातगाड्यांवर मिळतात. त्यांना तिथे ‘आलेग्रिया’ म्हणतात, म्हणजे आनंद. फोटो दाखवला की वर्गातलं कुणीतरी हमखास ओरडतं, ‘अरे, ही तर आपली राजगिऱ्याची चिक्की!’